लाओ लौंचा चुन्यातला चहा

"इकडच्या चहाला चव नाही रे म्हाताऱ्या," एवढंच लाओ लौंची बायको यूलिआन फोनवर म्हणाली. हवापाण्याबद्दल बोलावं इतक्या सहज म्हणाली आणि लगेच नातवाच्या सर्दीकडे वळली. पण लाओ लौंच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. पुढे वस्ती समितीच्या दफ्तरात त्यांच्या नावाने जी स्वतंत्र फाइल उघडली गेली, तिच्या मुळाशी हे एक वाक्य आहे, हे समितीला अजूनही माहीत नाही.

यूलिआन चार वर्षांपूर्वी हांगचौहून दूर उत्तरेला, शनयांगला गेली ती सहा महिन्यांसाठी. मुलगा तिकडे नोकरीला, सूनही नोकरीला, बाळ पाळण्यात. अशा वेळी आजीने जायचं असतं, हे हांगचौमध्ये कुणी कुणाला सांगत नाही. सहा महिने संपत आले तेव्हा सुनेने दुसरी गोड बातमी दिली. लाओ लौंनी मनापासून अभिनंदन केलं आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. तेव्हापासून ते घरात एकटे होते. दुहेरी पलंगाच्या उजव्या कडेला झोपत. डावी बाजू मोकळी असली तरी तिकडे सरकायचं त्यांच्या जिवावर येई. सरकलो म्हणजे ती आता येत नाही हे कबूल केलं, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात होतं.

"मे महिन्याच्या सुट्टीत पाच दिवस येते," त्याच फोनवर यूलिआन म्हणाली. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "बाबांचा चहा आठवतो का तुला? चुन्याच्या रांजणातला. कालपासून ती चव आठवायला बघतेय. नाव आठवतं, चव येत नाही."

यूलिआनचे वडील यांगवूचे, चहाच्या मळ्यातले. ते हाताने पानं भाजत. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली आणि त्यांच्यामागे गावात सगळीकडे यंत्रं आली. लाओ लौंनी विचार केला, की जो मनुष्य थर्मास-बाटल्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासनीस होता, एकतीस वर्षं ज्याच्या शिक्क्याशिवाय एक बाटली दाराबाहेर गेली नाही, त्याला मूठभर पानं भाजणं अवघड ते काय? पाच दिवसांसाठी येणारी बायको त्या चहाचा एक घोट घेईल, आणि मग सहावा दिवसही राहील. पुढचं त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते यांगवूला पोचले. यूलिआनचे काका, वय वर्षं ऐंशी, अंगणात उन्हाला बसले होते.

"जावईबापू, वय काय तुमचं?" सगळं ऐकून काकांनी विचारलं.

"त्रेसष्ट."

"या वयात लोक पक्षी पाळतात. बुद्धिबळ खेळतात. कढईत हात कोण घालतं?"

"यूलिआनला हवाय," लाओ लौ म्हणाले.

काका उठले आणि पडवीतली जुनी कढई त्यांनी तापत ठेवली. लाओ लौंनी खिशातून थर्मामीटर काढला. तो त्यांनी खास आणला होता. वहीसुद्धा आणली होती, तिच्यात रकाने आखलेले होते.

"ते खिशात ठेवा," काका म्हणाले. "उजवा तळवा कढईत टेकवा."

"काका, कढई तापलीय."

"म्हणूनच म्हणतोय. काय म्हणतो तळवा?"

"ओरडतोय."

"ओरडू दे. ओरडायचा थांबला की समजा कामाला लागला."

तीन तास काका शिकवत होते. पान उचलायचं, झटकायचं, दाबायचं, कढईच्या अंगाने ओढायचं, पुन्हा उचलायचं. बघताना वाटे, म्हातारा मांजरीला थोपटतोय. करताना कळे, की ती मांजर नसून वाघ आहे. लाओ लौंनी वहीत 'दाब: मध्यम' असं लिहिलं. काकांनी वही घेतली, खोडलं आणि तिथे काहीच लिहिलं नाही.

निघताना काकांनी दोन किलो ताजी पानं बांबूच्या टोपलीत घालून दिली. चिंगमिंगला, म्हणजे पूर्वजांच्या थडग्यांची झाडलोट करण्याच्या दिवसाला, अजून आठवडा होता. त्याच्या आधी खुडलेली ही मोलाची पानं, एक कोंब आणि एक पान, बोटाच्या पेराएवढी. "आणि हे बघा," काका म्हणाले, "निम्मी चव कढईत होते, निम्मी रांजणात. तळाशी कळीचा चुना, वर कागदात गुंडाळलेला चहा, वरून गवताची गादी. वीस दिवस उघडायचं नाही. चुना ओल ओढून घेतो, कच्चा हिरवा वास ओढून घेतो. मग भाजलेल्या वालासारखा वास येतो. तुमच्या सासऱ्यांचा चहा म्हणजे हेच. फ्रिजमध्ये ठेवलात तर तोंड दाखवू नका."

परतीच्या बसमध्ये टोपली मांडीवर होती. ही गोष्ट लाओ लौंची खाजगी बाब होती, पण हांगचौच्या बसमध्ये ताजी पानं कुणाची खाजगी नसतात. "झाकू नका, घुसमटतील," मागची बाई म्हणाली. "उघडी ठेवू नका, सुकतील," पुढचे गृहस्थ म्हणाले. एका आजोबांनी हात घालून पान चोळून हुंगलं आणि "उन्हाच्या बाजूचं आहे" असा निकाल दिला. शेवटी ड्रायव्हरने पानांसाठी थंड हवा सुरू केली आणि सबंध बस शेवटच्या स्टॉपपर्यंत शिंकत आली.

घरी आल्यावर पानं सावलीत पसरायची होती, चार-पाच तास. बैठकीत ऊन येत होतं, स्वयंपाकघरात तेलाचा वास. उरली झोपायची खोली. लाओ लौंनी पलंगाच्या डाव्या अर्ध्यावर स्वच्छ चटई अंथरली आणि तिच्यावर पानं पातळ पसरली. मग उजव्या अर्ध्यावर टेकून बसले. खोलीत ओल्या गवताचा वास भरला. चार वर्षांत पहिल्यांदाच पलंगाच्या त्या बाजूला काहीतरी होतं. त्यांना यूलिआनची इतकी आठवण आली, की त्यांनी हात पुढे करून पानं उगीचच सारखी केली.

या शांततेत समोरच्या दारातल्या फानमावशी आल्या. फानमावशींकडे सल्ला मागावा लागत नाही, दार उघडं असलं की पुरे. त्या चहा पीत नाहीत, त्यांना त्याने झोप येत नाही, पण चहाबद्दल त्यांना सगळं माहीत आहे.

"ही कढई?" त्या स्वयंपाकघरातून ओरडल्या. "हिच्यात तुम्ही वीस वर्षं मासा तळताय! चहा मासळीचा होईल. व्हिनेगरने घासा."

लाओ लौंनी घासली. कढईला व्हिनेगरचा वास आला. व्हिनेगरचा वास जायला तांदळाचं पीठ भाजा म्हणाल्या. भाजलं. ते करपलं. करपल्याचा वास जायला आल्याच्या चकत्या. आता त्या कढईत एका पूर्ण जेवणाचा वास होता. शेवटी लाओ लौ खाली जाऊन नवी लोखंडी कढई घेऊन आले. तोपर्यंत मावशींनी बाकीच्या मजल्यांवर निरोप पोचवला होता आणि स्वयंपाकघराच्या दारात चार बायका प्रेक्षक म्हणून उभ्या होत्या.

पहिला घाणा पालकाच्या भाजीसारखा झाला. दुसरा कोळशासारखा. तिसऱ्या घाण्याला लाओ लौ ओरडले आणि त्यांनी हात नळाखाली धरला. त्या गडबडीत घाणा जरा जास्त वेळ कढईत राहिला, पण नशिबाने बिघडला नाही. मग दोन घाणे बरे झाले. निदान पानं चपटी झाली, कडा पिवळसर आल्या आणि दारातल्या एका बाईने "आहाहा" म्हटलं. दोन किलोचा जेमतेम पाव किलो चहा पदरात पडला. दोन्ही तळव्यांना मिळून सात फोड आले. तपासनिसाच्या सवयीने त्यांनी ते मोजले.

संध्याकाळी यूलिआनचा व्हिडिओ फोन आला.

"हाताला काय झालं?"

"भांडी घासताना..."

"तू? भांडी?" यूलिआन हसली. मग हसणं थांबवून तिने पडद्याजवळ तोंड आणलं. "म्हाताऱ्या, खरं सांग. काही दुखतंय का? डॉक्टरकडे जातोस ना?"

"ठणठणीत आहे मी."

"असं म्हणतोस तेव्हाच भीती वाटते," ती म्हणाली. मागे नात रडायला लागली आणि पडदा बंद झाला. लाओ लौंना फार वाटलं की सांगून टाकावं. पण सांगितलं तर मजा काय राहिली? त्यांनी तोंड मिटून ठेवलं.

आता चुना. एकेकाळी हांगचौच्या कुठल्याही गल्लीत कळीचा चुना मिळे. आता तो पाणी लागताच फसफसून तापतो म्हणून धोक्याच्या वस्तूंत गेला होता. बांधकामाच्या दुकानदाराने लाओ लौंना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वस्ती समितीचा शिक्का असलेला कागद मागितला. ज्या माणसाने एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या मालावर शिक्के मारले, त्याला तीन किलो चुन्यासाठी शिक्का मागायला जावं लागलं. ही गोष्ट लाओ लौंनी कुणाला बोलून दाखवली नाही. फक्त फानमावशींना सांगितली.

समितीच्या कचेरीत छोटी छेन बसते. सव्वीस वर्षांची, चष्मेवाली, अतिशय नम्र. तिने अर्ज वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"लौकाका, 'वापराचा हेतू' या रकान्यात तुम्ही 'पत्नी' लिहिलंय."

"खरं तेच लिहिलंय."

"वर लिहिलंय 'कळीचा चुना, तीन किलो'. खाली 'पत्नी'. हा कागद मी वर पाठवला तर तासाभरात तुमच्या दारात गणवेशातली माणसं उभी राहतील."

लाओ लौंनी 'पत्नी' खोडून 'चहा' लिहिलं.

"चहात चुना? मग अन्न खात्याची परवानगी लागेल."

"चहात नाही. चहाखाली."

छोट्या छेनने संगणकात पाहिलं. चहाखाली असा प्रकार यादीत नव्हता. ती मनाने चांगली होती, तिने यादी तिसऱ्यांदा चाळली. "एक आहे," ती म्हणाली. "'कपाटातली ओल घालवण्यासाठी.' त्याला लगेच शिक्का मिळतो. लिहू?"

"लिही बाई," लाओ लौ म्हणाले. कपाट या शब्दाने पुढे काय होणार आहे हे त्यांना कळलं नाही, आणि खरं तर तिलाही नाही.

चुना आला, नवा रांजण आला. नवा, कारण फानमावशींनी देऊ केलेल्या रांजणात बारा वर्षं खारवलेली मोहरीची भाजी होती. लाओ लौंनी कापडी पिशवीत चुन्याचे खडे घालून तळाशी ठेवले, वर कागदाच्या पुड्या, वर गवताची गादी. रांजण बैठकीत कोपऱ्यात ठेवला आणि समोर खुर्ची घेऊन बसले. तेवढ्यात दारावर थाप पडली. छोटी छेन होती, हातात वही. खालच्या मजल्यावरून तक्रार आली होती, की लौंच्या घरी स्फोटक पदार्थ आहे.

"लौकाका, कागदावर कपाट आहे आणि चुना तर बैठकीत आहे. मला पाहणीत 'कपाटात आढळला' असं लिहावं लागतं. नाहीतर परत न्यावा लागेल."

मग तिघांनी जागा शोधायला सुरुवात केली, म्हणजे लाओ लौ, छोटी छेन आणि अर्थातच फानमावशी. स्वयंपाकघरातलं कपाट पाण्याच्या नळाला लागून. कपड्यांच्या कपाटात रांजण मावेना. बाल्कनीतल्या कपाटात पाऊस येतो. तिघं झोपायच्या खोलीत उभे राहिले आणि फानमावशींनी टाळी वाजवली.

"यूलिआनची पेटी!"

पलंगाच्या पायथ्याशी यूलिआनची लग्नातली पेटी होती. कापराच्या लाकडाची, जाड झाकणाची, तांब्याच्या कड्यांची. इकडे मुलगी जन्मली की दाराशी कापराचं झाड लावत आणि लग्नात त्याची पेटी करून देत. सासऱ्यांनी झाड स्वतः लावलं होतं. घरातली किमती गोष्ट, जपायची गोष्ट, कसर न लागू द्यायची गोष्ट म्हटली की हांगचौच्या माणसाचा हात आपोआप त्या पेटीकडे जातो. घरात त्याहून कोरडी जागा नाही. लाओ लौंनी यूलिआनचे लोकरी कपडे एका बाजूला सरकवले आणि रांजण आत बसवला. झाकण घट्ट लागलं. छोट्या छेनने 'कपाटसदृश पेटीत आढळला' अशी नोंद केली आणि तिघांनी समाधानाने हात झटकले.

आता इथे थांबून एक सांगायला हवं. ही तिघंही चहाच्या शहरातली. यांतलं कुणीही चहाच्या डब्याजवळ लसूण टांगणार नाही. चहा कुठलाही वास उचलतो हे तिघांना शाळेत जायच्या आधीपासून माहीत. तरी तिघांपैकी एकालाही कापराचा वास आठवला नाही. आपल्या घरातला वास आपल्याला येत नाही, एवढंच त्याचं कारण असावं.

वीस दिवस लाओ लौंनी झाकण उघडलं नाही. रोज सकाळी पेटीसमोर उभे राहत, उजव्या हाताची बोटं झाकणावर टेकवत आणि कॅलेंडरवर एक फुली मारत. त्यांनी पडदे धुतले. डाव्या उशीला नवी खोळ घातली. यूलिआनला आवडणारे कोवळे बांबूचे कोंब कुठल्या दुकानात ताजे येतात याची चौकशी केली. इतक्या उत्साहाने त्यांनी लग्नाचीही तयारी केली नव्हती, असं फानमावशी म्हणाल्या, आणि लग्नाला त्या होत्या.

एकोणतीस एप्रिलला दुपारी त्यांनी पेटी उघडली. रांजण बाहेर काढला, गादी बाजूला केली, पुडी सोडली आणि नाक खाली नेलं.

त्यांना आधी वाटलं की आपण चुकून स्वेटर हुंगतोय. त्यांनी खिडकी उघडली, नाक शिंकरलं, पुन्हा हुंगलं. मग एक चिमूट चहा ग्लासात टाकून त्यावर पाणी ओतलं. पानं सुंदर उभी राहिली, सावकाश खाली बसली आणि खोलीत हिवाळ्याच्या कपड्यांचा वास दरवळला. लाओ लौंनी एक घोट घेतला. तो घोट त्यांनी गिळला, कारण थुंकायला जिवावर आलं.

फानमावशींनी पाच उपाय सांगितले. सगळ्यांत तांदूळ होते. लाओ लौंनी काकांना फोन लावला.

"पेटीत?" काका म्हणाले. "कापराच्या? जावईबापू, आता तो चहा नाही. तो कपडा झाला. पिऊ नका, पांघरा."

"पुन्हा पानं मिळतील का?"

"आता पानं मोठी झालीत. आता कोंब नाही यायचा. पुढच्या वर्षी."

पुढच्या वर्षी, हे दोन शब्द लाओ लौंच्या छातीत कुठेतरी जाऊन बसले. आणि तेवढ्यात यूलिआनचा फोन आला. नातीच्या हातापायांवर आणि तोंडात फोड आले होते, पाळणाघराने घरी पाठवलं होतं, सुनेला रजा नाही. "या सुट्टीत नाही येता येणार," यूलिआन म्हणाली. "तू जेवून घेत जा. नुसत्या शेवया खाऊ नकोस."

लाओ लौ बरं म्हणाले. फोन ठेवायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांचा धीर सुटला आणि सगळं बाहेर आलं. कढई, फोड, चुना, समिती, पेटी. "बाबांचा चहा करणार होतो तुझ्यासाठी. वाया गेला सगळा. कापराचा वास मारतोय."

पलीकडे यूलिआनने खोलीचं दार लोटल्याचा आवाज आला.

"माझ्या पेटीत ठेवला होतास?"

"हो."

"फेकू नकोस," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

लाओ लौ मुलाकडे फक्त नववर्षाच्या सणाला जात, सात दिवस. त्यापलीकडे ते कधी राहिले नव्हते. कारण कुणी बोलावलं नव्हतं. घर सुनेचं, खोल्या दोन, तिथे बोलावल्याशिवाय जाऊन बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. यूलिआनने एकदा जरी म्हटलं असतं तरी ते गेले असते. ती म्हणाली नाही, आणि त्यांनी तिच्या न म्हणण्याचा मान राखला. चार वर्षं राखला. त्या दुपारी मात्र ते उठले, चहा पत्र्याच्या डब्यात भरला आणि पहाटेच्या गाडीचं जाण्याचं आणि परतीचं तिकीट काढलं.

चहा कसाही असो, पाणी तरी धड असावं म्हणून त्यांनी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी दोन कॅनमध्ये भरून घेतलं होतं. स्टेशनवरच्या तपासणीत पोरगेल्या शिपायाने त्यांना थांबवलं.

"आजोबा, यात काय?"

"पाणी."

"शनयांगला पाणी नाही?"

"चहाचं नाही."

"मग एक घोट घेऊन दाखवा." लाओ लौंनी एका कॅनमधला घोट घेतला. "दुसऱ्यातलाही." दुसऱ्यातलाही घेतला. मग शिपायाने डबा उघडून हुंगला आणि चटकन बंद केला. "आणि हे? औषध?"

"चहा आहे."

शिपायाने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "जा आजोबा," तो म्हणाला. रांगेतल्या सगळ्यांसमोर दोन्ही कॅन आणि तो डबा उचलून लाओ लौ चालू लागले, आणि गाडीत बसेपर्यंत त्यांनी मान ताठ ठेवली.

दुपार कलताना ते एकोणिसाव्या मजल्यावर पोचले. दार यूलिआनने उघडलं. ती बारीक झाली होती, केस कापले होते. व्हिडिओवर हे दिसलं नव्हतं, किंवा त्यांनी नीट पाहिलं नव्हतं. "वेडा आहेस का तू?" ती म्हणाली आणि तिने त्यांच्या हातातला कॅन घेतला. आतून नात आली. तिने स्वतःचे तळवे पुढे केले, त्यांवर फोड होते. लाओ लौंनी आपले तळवे पुढे केले, त्यांवर सालपटं निघालेल्या खुणा होत्या. तिला हे फार आवडलं. हा माणूस आपल्यातला आहे असं ठरवून ती पुन्हा झोपायला गेली.

मुलगा आणि सून कामावर होते, नातू शाळेत. यूलिआनने झऱ्याचं पाणी तापवलं, जरा निवू दिलं, दोन काचेचे ग्लास मांडले. चहा टाकला. पाणी ओतलं. पहिला घोट घेतला आणि ती हसायला लागली.

"स्वेटर आहे हा!"

"सांगितलं होतं तुला."

"माझा निळा स्वेटर. गळ्यापाशी बटणं असलेला." हसता हसता ती पीत राहिली. लाओ लौंना वाटलं, आता ती ग्लास बाजूला ठेवील. तिने त्याच पानांवर दुसरं पाणी ओतलं. दुसऱ्या पाण्याला कापूर थोडा कमी झाला. तिने तिसरं पाणी ओतलं, तोंडाला लावलं आणि तिथेच थांबली.

"काय झालं?"

"थांब. बोलू नकोस." तिने डोळे मिटले. "आहे. मागे आहे, लांब आहे. पण आहे. भाजलेला वाल." तिच्या गालांवरून पाणी खाली आलं. "बाबा असेच कढईपाशी बसायचे आणि मी विचारायची, झालं का, झालं का... तुला लागली ना चव?"

लाओ लौंनी घोट घेतला, जिभेवर फिरवला, पुन्हा घेतला. त्यांना नुसता कापूर लागला.

"लागली," ते म्हणाले.

मग लाओ लौंनी चार वर्षांत न विचारलेला प्रश्न विचारला. "कधी येणार तू घरी?"

"छोटी शाळेत जायला लागली की. दोन वर्षं तरी." तिने लपवलं नाही. "सारखं वाटतं, यावं. रोज वाटतं."

लाओ लौंनी मान हलवली. खिडकीबाहेर उंच इमारती होत्या आणि त्यांच्या मागे आणखी इमारती. ते घसा साफ करून म्हणाले, "मी इथे राहिलो तर? काही दिवस. म्हणजे, चालणार असेल तर."

"कुठे झोपशील? सोफा आखूड आहे."

"पाय दुमडीन."

यूलिआनने ग्लास खाली ठेवला. "चार वर्षं हे का नाही म्हणालास?"

"तू कुठे बोलावलंस?"

"मला वाटलं, तू तुझं घर सोडून यायचा नाहीस. तुझा चौक, तुझं बुद्धिबळ, तुझी खुर्ची. मी म्हणायची आणि तू नाही म्हणायचास, त्यापेक्षा नकोच म्हटलं." तिने डोळे पुसले. "मूर्ख आहेस तू."

"तूही," लाओ लौ म्हणाले.

तिने चौथं पाणी ओतलं. त्याला आता कशाचीच चव उरली नव्हती, कापराचीही नाही. दोघांनी ते सावकाश संपवलं. मग लाओ लौंनी खिशातून परतीचं तिकीट काढून टेबलावर ठेवलं. यूलिआनने ते उचलून पाहिलंही नाही. ती उठली आणि सोफ्यावरची खेळणी एकेक करून उचलायला लागली.